हिरवा ठिपका

"काका, मला छत दिसतंय."

"थांबा हं मॅडम, फोन पडला."

"आता पंखा दिसतोय."

"तो बंदच आहे."

"पंख्याची तब्येत नाही विचारली मी. गुडघा दाखवा."

ड्रायव्हरने पलंगावरून वाकून फोन उचलला, स्टुलावरच्या डब्याला टेकवला आणि आडवा होता होता पायाचा धक्का लागून तो पुन्हा पालथा पडला. पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला. शेवटी त्याने पलंगाखालून ड्युटीचा बूट ओढून काढला, स्टुलावर ठेवला आणि फोन त्या बुटात उभा खोचला. हातभर लांबीचा तो काळा बूट आयुष्यभर क्लचवर राबलेला. फोन असा घट्ट बसला की हलायचं नाव नाही.

"वा! आता दिसतोय. कशात ठेवलात?"

"ते नका विचारू मॅडम. स्वच्छ आहे."

फिजिओ मॅडम कुठल्या गावात बसून बोलत होत्या ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यांच्या मागे एक खिडकी आणि वाळत टाकलेली लहान मुलाची झबली दिसायची. त्यांनी तरी त्याला कुठे पाहिलं होतं? कमरेच्या वरचा माणूस कॅमेऱ्यात येतच नसे. पण गुडघा मात्र त्या असा ओळखायच्या, जसा बाप आपल्या लेकराचा रडण्याचा आवाज ओळखतो.

"टाच टॉवेलच्या गुंडाळीवर ठेवा. गुडघा खाली सैल सोडा. मांडी आवळा. दाबा, खाली दाबा. आता हात घाला बघू गुडघ्याखालून. जातोय?"

"जातोय."

"बोटं की अख्खा पंजा?"

ड्रायव्हरने हात पुन्हा घालून बघितला. "पंजा."

मॅडम गप्प झाल्या. असली शांतता त्याच्या ओळखीची होती. तपासनीस गाडीत चढून एखाद्याच्या हातातलं तिकीट उलटसुलट करत बघायला लागला की अशीच शांतता पसरते.

"काका, गेल्या वेळेलाही पंजाच जात होता. आणि गुडघ्याला बांधायच्या पट्ट्याचे बुडालेले, लाल दिवस मला सगळे दिसतायत."

"चार्जिंग राहून जातं हो. व्यायाम करतो मी. देवाशपथ करतो."

"मग गुडघा सरळ का होत नाहीये? वाकणं पुढंमागं येईल, त्याची घाई नाही. सरळ होणं मात्र आत्ताच येतं. आतली जखम भरून येतेय. ती वाकडी भरली की गुडघा वाकडाच राहणार. मग जन्मभर लंगडायचं, नाहीतर भूल देऊन पुन्हा टेबलावर. आणि तुमच्या डेपोचे डॉक्टर लंगडत्या ड्रायव्हरच्या हातात बस देतील का?"

"नाही देणार," ड्रायव्हर म्हणाला. पडदा काळा झाला आणि त्यात त्याला आपलाच चेहरा दिसला. त्याने फोन बुटातून काढून घेतला.

आता त्याने घेतलेली शपथ खोटी नव्हती, हे आधी सांगायला हवं. व्यायाम तो करत होता. पण देवाचं नाव घेऊन अर्धंच खरं सांगितलं की जी टोचणी लागते, ती त्याला लागली होती.

शहराच्या बसवर त्याची सारी हयात गेली. डेपोत त्याला 'लोणी' म्हणायचे. कारण तो क्लच असा सोडायचा की दांडा न धरता उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईलाही गाडी सुटल्याचं खिडकीबाहेर बघून कळावं. एवढ्या वर्षांत त्याने कुणाला पाडलं नाही. पडला तो स्वतः. रोज केबिनमधून जशी उडी टाकायचा तशीच टाकली, खाली ऑइल सांडलेलं, पाऊल जागच्या जागी राहिलं आणि वरचा माणूस तेवढा वळला. आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. यंत्राच्या आवाजावरून दुखणं सांगणारा तो माणूस. त्याला डॉक्टरने समजावायची गरजच पडली नाही.

ऑपरेशनला मुलगी आली. समुद्रापलीकडे असते ती; एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. रजा होती तोवर राहिली. न्हाणीघरात स्टूल ठेवलं, जाजमं गुंडाळून माळ्यावर टाकली, उंबऱ्याला पांढरी पट्टी मारली. बापाला डुलक्या येत असतानाही ती घरभर फिरत राहायची आणि तो डोळे मिटून तिच्या पावलांचा आवाज ऐकत पडायचा. तिची आई गेल्यापासून त्या घरात दुसऱ्या पावलांचा आवाज झालेला नव्हता.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिने त्याच्या गुडघ्यावर तो पट्टा बांधला. बांधून व्यायाम केला की पट्टा आपोआप मोजतो, फोनला कळवतो, आणि फोन तिकडे साता समुद्रापार कळवतो.

"दिवसाचा व्यायाम पुरा झाला की माझ्या फोनवर हिरवा ठिपका येईल, बाबा. नाही झाला तर संध्याकाळी लाल. म्हणजे लबाडी चालायची नाही."

"मी आयुष्यात सिग्नल तोडला नाही गं."

"मग आताही तोडू नका," ती म्हणाली आणि त्याच्या पायाशी बसल्या बसल्या एकदम रडायलाच लागली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती गेल्यावर सुरुवातीला रोज संध्याकाळी फोन यायचा. कसा आहे पाय, सूज उतरली का, काय खाल्लंत, दाराला कडी लावलीत का. तो सगळ्याला "हो, हो" म्हणायचा. मग हळूहळू फोन विरळ झाले. पोरीची यात काही चूक नव्हती. विचारायचं ते उत्तर हिरव्या ठिपक्यातून आधीच पोचत होतं. मग विचारायला राहिलं काय? फोनच्या जागी उभ्या अंगठ्याचं चित्र यायला लागलं. तो ते चित्र बोटांनी मोठं करून बघायचा. कितीही मोठं केलं तरी अंगठाच.

घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अंधारा, लिफ्ट नाही. कुबड्यांवर खाली उतरायची मनाई. शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून नुसतं घुमायचं. भांडतायत की हसतायत तेही कळायचं नाही. त्याला खरी सोबत होती ती खिडकीखालच्या वळणाची. त्याच्याच डेपोच्या गाड्या त्या वळणावर गिअर बदलायच्या, आणि नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, हा अमका, हा तमका, हा घरी भांडून आलेला दिसतोय. पण हे सांगायचं कुणाला? सांगायचा तो भिंतीवरच्या बायकोच्या फोटोला. ती जिवंतपणीही असल्या गोष्टींना "बरं" एवढंच म्हणायची, त्यामुळे फारसा फरक पडला नाही.

अशात एक दिवस दुपारभर वीज गेली. पट्ट्याची बॅटरी उतरली ती उतरलीच. संध्याकाळ झाली, आणि फोन वाजला.

"बाबा! काय झालं? लाल का आलं? पडलात का? उचलायला इतका वेळ का लागला?"

"अगं काही नाही, वीज नव्हती."

"नक्की ना? उभे राहा बघू. राहिलात? चाला दोन पावलं, मला आवाज ऐकू दे."

तो फोन कानाला लावून कुबडी वाजवत चालला. ती ऐकत होती. मग तिने सूज विचारली, भाजी विचारली, दाराची कडी विचारली. त्याने वळणावरच्या गाड्यांचं सांगितलं आणि ती खरंच हसली. त्या दिवशी त्याला सपाटून भूक लागली.

माणसाचं मन मोठं लबाड. देवाच्या दारात उभं असतानाही ते चपलांकडे एक डोळा ठेवतं. पुढच्या खेपेला वीज गेली नव्हती. त्याने पट्टा चार्जिंगला लावायचं 'विसरून' बघितलं. फोन आला. मग काही हिरवे दिवस जाऊ दिले, आणि पुन्हा पट्टा टेबलाच्या खणात. फोन आला. उभ्या आयुष्यात लाल दिव्याला थांबलेला माणूस आता लाल दिवा लागायची वाट बघत बसायला लागला.

पण तो कामचुकार नव्हता. पट्टा नसला म्हणून व्यायाम बुडवायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. फक्त तो स्वतःच्या अकलेने करायचा. आपल्याला पाय कशाला हवा? क्लचला. मग क्लचचाच सराव केलेला काय वाईट? त्याने गादीची वळकटी भिंतीशी लावली, समोर खुर्ची मांडली आणि डावा पाय वळकटीवर ठेवून दाबायला लागला. पूर्ण क्लच, अर्धा क्लच, हळूहळू सोड. घाम येईस्तोवर दाबायचा. टाच गुंडाळीवर ठेवून गुडघा खाली दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. इथे तसं काही नव्हतं. उलट बरं वाटायचं. दुखत नाही म्हणजे सुधारतंय, असा त्याचा सरळ हिशेब.

एका रविवारी त्याचा जुना जोडीदार कंडक्टर आला. दारातूनच धापा टाकत म्हणाला, "लोण्या, तुला बघायला यायचं म्हणजे आधी स्वतःचे गुडघे काढून ठेवावे लागतात रे! तिसरा मजला! घर घेताना काय आकाशाला तिकीट फाडायचं होतं का?"

"ये, बस. दार नुसतं लोटलेलंच होतं."

कंडक्टरने खुर्ची, वळकटी आणि वळकटीवरचा पाय बघितला. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "कुठवर आली गाडी?"

"सिग्नलला उभी आहे."

"मग मला चढू दे." तो पलंगावर टेकला. "तुझ्या जागी एक नवा दिलाय मला. क्लच असा सोडतो, असा सोडतो की मागची सगळी माणसं आपोआप पुढं येतात. जन्मात पहिल्यांदा मला 'पुढे सरका' ओरडावं लागत नाही. घसा सुधारला माझा."

ड्रायव्हर पोट धरून हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की मोठ्याने हसायला आपला आवाज जरा अडकतोय.

"महिनाभरात तुझी डॉक्टरकडं तपासणी आहे," कंडक्टर म्हणाला. "साहेब विचारत होते. पास झालास तर गाडी. नाहीतर फाटकावर खुर्ची टाकून बसवतील, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत. मी दांडा वर उचलायला सांगणार आणि तू उचलणार. शोभतं का ते?"

"होतो पास. बघतोस ना किती दाबतोय?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी आयुष्यभर मागेच उभा. बरं, पोरगी करते का फोन?"

"करते की." ड्रायव्हरची मान ताठ झाली. "एक दिवसाआड तरी करतेच. कधी कधी लागोपाठ."

"नशीबवान आहेस. माझा एका घरात राहून महिना महिना बोलत नाही."

कंडक्टर गेल्यावर त्या कौतुकाची चव तोंडात फार वेळ टिकली नाही. ड्रायव्हरने पुन्हा पाय वळकटीवर ठेवला, पण दाबला नाही. खाली वळणावर त्या नव्या ड्रायव्हरने गिअर घातला, तो दात खाल्ल्यासारखा वाजला.

पंजा अजून गुडघ्याखालून जात होता. मॅडमच्या त्या शांततेनंतर पुढच्या भेटीला ड्रायव्हरने आधीच बूट मांडून फोन खोचून ठेवला, म्हणजे तेवढं तरी चांगलं दिसावं. मॅडमनी मात्र टॉवेलची गुंडाळी मागितली नाही.

"काका, पट्टा नसताना तुम्ही जो व्यायाम करता, तो दाखवा बरं मला."

त्याला आनंद झाला. त्याने वळकटी भिंतीला लावली, बसला आणि दाखवला. पूर्ण क्लच, अर्धा क्लच, लोण्यासारखा सोडला.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? पाय क्लचसाठीच हवाय ना?"

"आणि बसपर्यंत चालत जायला नको का?"

ड्रायव्हरचा पाय वळकटीवर होता तसाच राहिला.

"खुर्चीत बसून क्लच दाबला तर गुडघा पुरता सरळ होतच नाही, काका. जेवढा वाकडा राहायला नको, बरोब्बर तेवढाच वाकडा ठेवायची सवय तुम्ही त्याला मन लावून लावलीत. म्हणून दुखत नव्हतं." मॅडम रागावल्या नव्हत्या; त्यांचा आवाज उलट खाली आला होता. "मला एक सांगा. पट्टा का काढता? इथं मला त्याची बॅटरी भरलेली दिसते. चार्जिंगचं नका सांगू."

शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला, बंद केला. ड्रायव्हर आपल्या हातांकडे बघत होता. कॅमेऱ्यात हात येत नव्हते, चेहराही येत नव्हता, हे बरं होतं.

"लाल आलं की ती फोन करते," तो म्हणाला.

मॅडमच्या मागे मूल रडायला लागलं. त्या उठल्या नाहीत. मूल रडत राहिलं आणि कुणीतरी येऊन त्याला उचलून नेलं.

"मी सांगू का तिला?"

"नको! नको मॅडम." तो इतक्या घाईने पुढे वाकला की पहिल्यांदाच त्याचा अर्धा चेहरा पडद्यात आला. "सांगितलंत तर रोज करेल. बाप एकटा आहे, करायला हवा, म्हणून करेल. जेवण झालं की भांडी घासतात ना, तसा. मला तसला नकोय."

"बरं. नाही सांगत. पण आठवड्याभरात फरक दिसला नाही तर मला सर्जनना कळवावं लागेल, आणि त्यांच्याकडं नंबर तिचाच आहे." मग त्या म्हणाल्या, "काका, माझ्यापेक्षा तुमच्या गुडघ्याला घाई आहे."

इतकं झाल्यावर माणूस शहाणा होतो असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. त्याच दुपारी ड्रायव्हरने पट्टा हातात घेतला, बांधला, परत सोडला आणि खणात टाकला. एकदाच. आजच्यापुरता. मग उद्यापासून नाहीच. असं म्हणत तो खिडकीशी फोन मांडीवर घेऊन बसला.

संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, परत लाल?" तिचा आवाज पोकळ, घुमल्यासारखा येत होता.

"अगं, राहिला आज. तू कुठून बोलतेयस? विहिरीतून बोलल्यासारखं वाटतंय."

"जिन्यात आहे. आत फोन नाही नेता येत. हातमोजे काढायचे, डगला उतरवायचा, हात धुवायचे, मग इथं जिन्यात येऊन बोलायचं. परत जाताना सगळं पहिल्यापासून."

त्याला हे माहीत नव्हतं. इतके दिवस तो तिच्याशी बोलत होता आणि ती जिन्यात उभी होती. त्याच्या डोळ्यांपुढे ती तिच्या घरी खुर्चीवर पाय घेऊन बसलेली असायची.

"मग कशाला करतेस कामातून? घरी गेल्यावर करायचा."

"आणि तोवर काय करू? लाल दिसल्यावर?" वरून कुणीतरी तिला हाक मारली, परक्या भाषेत. तिने ओरडून काहीतरी उत्तर दिलं. "बाबा, खरं सांगाल का? फार दुखतं का? मला इथून काही करता येत नाही हो. हिरवं दिसलं की तेवढंच. सुट्टीत चोरून बघते मी. हिरवं असलं की वाटतं, बाबा उठले, काहीतरी खाल्लं, पाय हलवला, आजचा दिवस गेला नीट. मग पुढचं काम हातून बरं होतं."

"आणि लाल असलं की?"

"लाल असलं की एकेक नमुना दोनदा तपासते. आपण पहिल्यांदा काय वाचलं तेच आठवत नाही."

ड्रायव्हरने खिडकीची कड धरली. खाली एक गाडी वळणावर आली, थांबली, निघाली. कुणाची होती ते त्याला कळलं नाही.

त्याला सांगायचं होतं, की पोरी, मी तुझ्यासमोर मुद्दाम लाल दिवा धरत होतो, नुसता तुझा आवाज ऐकायला. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग ती जिन्यात बसून रडली असती, आणि वर नमुने तसेच पडले असते.

"जा तू. काम कर. उद्यापासून हिरवं."

"नक्की?"

"ड्रायव्हरचा शब्द आहे."

"बरं बाबा, ठेवते." आणि तिने ठेवला. इतका छोटा फोन आजवर कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने देवाला हात जोडले. मागणं काही मागितलं नाही, नुसतं "आहेस ना?" एवढं विचारून घेतलं, आणि पट्टा बांधला. टाच गुंडाळीवर ठेवली, मांडी आवळली, गुडघा खाली दाबला. कळ अशी आली की कानशिलं गरम झाली. फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात म्हणाली, "छान. अजून थोडं."

"तुला काय जातंय म्हणायला," तो ओरडला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मोकळेपणी ओरडला.

संध्याकाळी हिरवा ठिपका गेला. उभा अंगठा आला. फोन आला नाही.

तसंच दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या. वळकटी त्याने उलगडून पलंगावर अंथरून टाकली. तो मुकाट्याने दाबत राहिला, कण्हत राहिला, मध्येच बायकोच्या फोटोकडे बघून "बरं" म्हणत राहिला. संध्याकाळची वेळ फार अवघड जायची. त्या वेळी फोन खिशात घालून तो मुद्दाम स्वयंपाकघरात जायचा, उगाच कपाट लावायचा, उगाच घासलेलं भांडं पुन्हा घासायचा. मग कधीतरी खिशात एक छोटी थरथर व्हायची. अंगठा. तो मनातल्या मनात बघायचा: डगला घातलेली पोरगी कोपऱ्यात चोरून फोन बघतेय, आणि खांदे सैल सोडून परत आत जातेय. दोनदा तपासायची गरज नाही. आज एकदाच.

मॅडमना फरक पहिल्या आठवड्यातच दिसला. पंजा जाईना, बोटं जायला लागली, मग बोटांची टोकं. एक दिवस त्या म्हणाल्या, "काका, आज कॅमेरा जरा वर करा बघू."

"वर? वर गुडघा नाही मॅडम."

"करा तर."

त्याने बूट मागे कलता केला. मॅडमनी पडद्याजवळ येऊन पाहिलं. "असे दिसता होय. मला वाटलं होतं, मिशा असतील."

"होत्या. हिला आवडायच्या. ती गेल्यावर काढल्या."

"ठेवा परत. शोभतील."

"आता कुणाला दाखवायच्या?" तो म्हणाला, आणि मग दोघंही थोडा वेळ काहीच बोलली नाहीत. पण ती शांतता तपासनिसाची नव्हती.

तपासणीच्या दिवशी तो कुबडीशिवाय जिना उतरला. प्रत्येक पायरीला कठडा धरला, पण उतरला. डेपोच्या डॉक्टरांनी त्याला बाकावर झोपवलं, गुडघा वाकवला, सरळ केला, टाच उचलून धरली, वरून दाबून बघितलं. एकदा केलं, पुन्हा केलं. मग खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि स्वतः खाली वाकून त्याची पावलं बघत राहिले.

"चांगलाच सरळ केलाय की. या वयात बहुतेकांचा राहतो वाकडा. घरी करून घेणारं कुणी होतं वाटतं?"

"मुलगी," ड्रायव्हर म्हणाला.

"जवळच असते का?"

"नाही साहेब. लांब असते, समुद्रापलीकडे. पण करून घेतला तिनंच."

डॉक्टरांचं लक्ष सही करण्यात होतं. "नशिबानं असतात अशी मुलं," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

सोमवारपासून गाडी मिळणार होती. बाहेर शेडखाली एका बाकावर ड्रायव्हर बसला. नाही म्हटलं तरी पाय भरून आला होता. चष्मा लावून त्याने फोनवर एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'पास झालो. गाडी मिळाली.' परत वाचलं. 'तुझ्यामुळे' असं पुढे लिहिलं, मग ते खोडून टाकलं.

पाठवायला बोट नेलं आणि थांबला. तिकडे अजून अंधार असणार. फोन ती उशाशी घेऊन झोपते, हे त्याने तिची आई आजारी होती तेव्हापासून पाहिलेलं. वाजला असता तर ती दचकून उठली असती. भलत्या वेळी बापाचा निरोप म्हणजे वाचायच्या आधीच तिला बाप पडलेला दिसणार. त्याने बोट मागे घेतलं.

कंडक्टर हिशेबाची पेटी काखेत मारून आला. "काय झालं रे? झालास ना?"

"झालो."

"मग असा पडेल चेहरा करून काय बसलायस? चल, चहा पाज."

"तू हो पुढं."

"अरे, वाट कसली बघतोयस इथं?"

"उजाडायची," ड्रायव्हर म्हणाला.

कंडक्टरने शेडबाहेर पसरलेल्या लख्ख उन्हाकडे पाहिलं, मग त्याच्या मांडीवरच्या फोनकडे पाहिलं. तेवढ्यात त्याच्या गाडीने हॉर्न दिला आणि तो पेटी सावरत गेला.

गाड्या एकेक करून फाटकातून बाहेर पडत राहिल्या. ऊन शेडखाली शिरलं, बाकाच्या एका टोकावर आलं. सावली सरकत गेली तसा ड्रायव्हर, फोन जपून हातात धरून, बाकावर थोडा थोडा सरकत राहिला.